एकीपुरती जाहिरात

१

तळ्याभोवती फिरायला येणाऱ्या माणसांनी वहिनीला पाण्यातून ओढून काढलं, तेव्हा तिचे केस नीट विंचरलेले होते आणि चष्मा जागेवर होता. पाय घसरून पडलेल्या बाईचा अवतार असा नसतो. कोणाकडे पाहुणी म्हणून निघाल्यासारखी ती पायऱ्या उतरून सरळ चालत गेली होती, आणि पाणी छातीला लागलं तरी थांबली नव्हती. ओढणाऱ्यांचे आभार मानायचे सोडून ती त्यांच्यावरच खेकसली, "सोडा हो! पोरगा कधीचा वाट बघतोय माझी."

पोरगा म्हणजे तिचा धाकटा. तो याच तळ्यात बुडून गेला, त्याला आता इतकी वर्षं झाली होती की त्याच्या बरोबरीच्या मुलांना टक्कल पडलं होतं.

बातमी कळली तशी आत्या मिळेल त्या गाडीने आली. आत्या म्हणजे वहिनीची नणंद. तिने लग्न केलं नाही. सगळा जन्म एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीमागे काढला. हरवले-सापडले, वधू पाहिजे, जागा भाड्याने देणे आहे, दुःखद निधन. अख्ख्या गावाची गुपितं त्या खिडकीतून तिच्या हातात यायची. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तो काय लपवतोय हे तिला कळतं, असं तिच्याबरोबर काम करणारे म्हणत. ती स्वतःही म्हणे.

दार थोरल्याने उघडलं. वहिनीचा हा मोठा मुलगा, आईला गेली कित्येक वर्षं सांभाळणारा. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"आत्या, आता तूच समजाव तिला. सोमवारी डॉक्टर येतायत. त्यांनी लिहून दिलं की संस्थेत न्यायचं."

"कसली संस्था?"

"मनोरुग्णांची. पण चांगली आहे गं. मोठी बाग आहे."

"खोलीच्या दाराला आतून कडी आहे का?"

थोरल्याने तिची पिशवी उचलली आणि तो पुढे चालू लागला.

वहिनी पलंगावर उशांना टेकून बसली होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. आजारपणातसुद्धा पाठ ताठ.

"या वन्सं, बसा. चहा सांगू? वेड्या माणसाने चहा सांगितला तर चालतं अजून आमच्याकडे."

"वहिनी, काय झालं ते नीट सांग. काही गाळू नकोस."

वहिनीने गाळलं नाही. इंटरनेटवर शब्दकोड्यांची एक फुकट साइट होती. ती रोज आपल्या टॅबवर तिथलं अवघड कोडं सोडवायची. कोड्याच्या उजव्या हाताला एक चौकट होती आणि काही आठवड्यांपासून त्या चौकटीत धाकटा बोलत होता. शाळेत कविता म्हणून दाखवावी तसे तिने त्याचे निरोप म्हणून दाखवले.

"'आई, जेवलीस का?' हा पहिला. मग, 'आई, औषध घे. माझ्यासाठी घे.' मग, 'दादाला सांगू नकोस, आपलं आपल्यात.' आणि शेवटी, 'आई, पहाटे तळ्यावर ये. मी एकटाच आहे.' एकटाच आहे म्हटल्यावर मी काय करणार होते, वन्सं?"

आत्याने तिचा हात हातात घेतला. हात गार होता, पण बोलणं स्वच्छ होतं.

"मला कोणी वेडी म्हणू नये एवढंच वाटतं," वहिनी म्हणाली. "मी ते वाचलंय. माझ्या डोळ्यांनी. ते तिथे होतं, एवढं सिद्ध करा. नाहीतर सोमवारी हे मला नेतील, आणि मग मी खरं बोलले तरी कोणी खरं धरायचं नाही."

दारात उभा राहिलेला थोरला कळवळून म्हणाला, "आई, अगं, त्या साइटवर कसली चौकटच नाही! मी बघितलं, हिनेही बघितलं. आत्या, तूच बघ ना." आणि त्याने टॅब पुढे केला.

आत्याने बघितलं. चौकट नव्हती. इतकंच काय, कोडंही नव्हतं.

२

कोड्याच्या जागी एक रडवेला निरोप होता: 'ही कोडी आम्ही तुम्हाला फुकट देतो. तुम्ही मात्र आमच्या जाहिराती अडवता. ब्लॉकर बंद करा, कोडं लगेच उघडेल.'

"ब्लॉकर म्हणजे काय गं?" आत्याने सुनेला विचारलं.

थोरल्याची बायको इंटरनेटवर जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती शांतपणे म्हणाली, "जाहिराती गाळून टाकणारं साधन, आत्या. टॅब घरात आला त्याच दिवशी मी घातलं. माझ्या घरात मी एक जाहिरात शिरू देत नाही."

"आणि दिवसभर लोकांच्या घरात शिरवतेस."

"म्हणून तर. आत काय चालतं ते मला माहितेय ना. तुम्ही एकदा गुडघेदुखीबद्दल काही शोधा. तेलं, पट्टे, खुर्च्या, काठ्या, पार स्मशानापर्यंत तुमची पाठ सोडायचे नाहीत. साइट फुकट असते म्हणजे काय? तिथे येणारं माणूसच विकायला ठेवलेलं असतं."

"मग या टॅबवर जाहिरात दिसणंच शक्य नाही?"

"ब्लॉकर चालू आहे तोवर नाही. डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं." ती थांबली. "मला वाईट वाटतं हो. आईंशी माझं फार गूळपीठ नाही, पण म्हणून त्यांना तिकडे पाठवायची हौस नाही मला. पण जी चौकट तिथे असूच शकत नाही तिच्यात त्यांना मेलेला मुलगा दिसतो. याला दुसरं काय म्हणायचं?"

आत्याला हे रहस्यकथेतल्या बंद खोलीसारखं वाटलं. दार बाहेरून बंद, खिडकी बंद, आणि आत शिरलेला माणूस फक्त वहिनीला दिसलेला. कोणताही डॉक्टर सही करून मोकळा झाला असता.

तिने चहाचा कप विसळला. एवढ्यात सून आपल्याशीच हसल्यासारखं करून म्हणाली, "आदल्या संध्याकाळी किती ठीक होत्या! मला हाक मारून विचारलं, 'पाण्यातला प्राणी, पाच अक्षरी, सांग.' मी पाणघोडा म्हटलं. तर म्हणतात, 'अक्षरं मोजायला तरी शीक गं.'"

आत्याचा हात नळाखाली तसाच राहिला.

"कुठलं कोडं ते? वर्तमानपत्रातलं?"

"छे, टॅबवरचंच. मांडीवर घेऊन बसल्या होत्या."

"आणि ब्लॉकर चालू असला तर कोडं उघडत नाही."

सुनेचा चेहरा हळूहळू बदलला. तिला हे सुचायला हवं होतं, आणि सुचलं नव्हतं, हे तिचं तिलाच कळलं.

"म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत तो बंद होता," आत्या म्हणाली. "निदान त्या साइटपुरता. आणि वहिनीला तळ्यावरून आणल्यावर तुम्ही बघितलंत तेव्हा चालू. वहिनी पाण्यात उभी होती तेव्हा, नाहीतर इथे तिचं अंग पुसणं चालू होतं तेव्हा, या घरातलं कोणीतरी हा टॅब हातात घेऊन शांतपणे बसलं होतं."

३

दिवसभर वहिनीजवळ राहायला एक बाई यायची. तिला सगळे सोबतीण म्हणत. तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती, तिथे आत्याने तिला गाठलं.

"माझ्यावर संशय आहे का? असला तर चादरीचं ते टोक धरा आणि मग विचारा," सोबतीण म्हणाली.

आत्याने टोक धरलं. "कोडं मध्ये बंद पडलं होतं का गं?"

"पडलं होतं की! त्या साइटवाल्याने अडवून धरलं. मग काय, आजींचं जेवणही बंद. साहेब समोर ताट घेऊन बसायचे, 'आई, एक घास, आई, एक घास.' आजी भिंतीकडे तोंड करून. साहेबांनी वाढलं की त्यांना भूकच नसते. मग एका दुपारी मी माझ्या पोरीला शाळेतून घरी सोडून परत आले, तर कोडं उघडलेलं आणि आजी हसतायत. त्या दिवसापासून जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर. माझं काम निम्म्यावर आलं."

"म्हणजे तुझा फायदाच झाला."

"झाला ना! तो मी नाकारत नाही. पण फायदा झाला म्हणून मी केलं असं होतं का? मला ते ब्लॉकर-बिकर काही कळत नाही हो. मी फोनवर फुकट सिनेमे बघते, मध्ये जाहिराती आल्या तर त्याही बघते. मला आवडतात. कोणीतरी आपल्याला 'ताई, घ्या' म्हणतंय, असं कुठे म्हणतं एरवी?"

"दुपारी घरी कोण असतं?"

"साहेब कधी जेवायला येतात. मॅडम कधी घरूनच काम करतात. कोणीही असू शकतं." तिने चिमटा दातात धरला, चादरीला लावला आणि एकदम खुदकन हसली. "साहेबांना धाकटे काय हाक मारायचे माहितेय ना तुम्हाला? भोपळ्या!"

आत्याला माहीत नसून कसं चालेल? थोरल्याला आईच्याच वर्गात, आईच्याच विषयात शून्य मिळालं होतं. आईने पेपर सगळ्या वर्गासमोर उंच धरून दाखवला होता. धाकट्याने त्याच संध्याकाळी भावाचं बारसं केलं, आणि मरेपर्यंत दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला हवं? या घरात पाणी मागितलं की आधी भोपळ्याची गोष्ट येते, मग पाणी. पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता, त्यालासुद्धा सांगितली आजींनी. साहेब शिडी धरून उभे होते बिचारे."

आत्या हसली, पण मनात कुठेतरी भातातल्या खड्यासारखं काहीतरी दाताखाली आलं. काय ते तिला कळेना.

सोबतिणीचा आवाज खाली आला. "आत्याबाई, एक सांगू? गेल्या आठवड्यात आजी मला विचारत होत्या, तळ्याच्या पायऱ्या निसरड्या झाल्यात का म्हणून. मी घरात बोलले ते. जेवणाच्या टेबलावर, दोघांच्या समोर."

"मग?"

"मॅडम फोनवर होत्या. साहेब म्हणाले, भाजी वाढ."

४

कोडेवाल्याचं ऑफिस म्हणजे एका चपलांच्या दुकानावरची खोली. पंखे घरघरणारी दोन यंत्रं, शब्दकोशांचे ढीग, आणि मधोमध कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस. साइटवरची सगळी कोडी तो एकटा रचत असे. आत्याने आपण कशासाठी आलो ते सांगितलं, तर त्याने आधी आपलंच गाऱ्हाणं सुरू केलं.

"बाई, लोकांना शब्द फुकट हवेत. मी दिवसभर पाठ मोडून कोडं रचायचं, आणि यांनी ब्लॉकर लावून जाहिरात अडवायची. मग मी काय खायचं? आडवे शब्द की उभे? म्हणून मीच दार लावलं. ब्लॉकर काढा, नाहीतर चालते व्हा."

"आणि जे आत येतात त्यांना तुम्ही विकता."

"दाखवतो. विकतो म्हणू नका. नाव नोंदवताना वय सांगतात, वस्ती सांगतात, सोपं कोडं हवं की अवघड ते सांगतात. जाहिरात देणाऱ्याला हवी तशी चाळणी लावता येते." मग तो जरा गडबडला. "त्या निरोपांची चाळणी फार बारीक होती, हे खरं. बाई हवी, ऐंशीच्या पुढची हवी, तळ्यालगतच्या वस्तीतली हवी, अवघड कोडं घेणारी हवी."

"चाळणीखाली किती दाणे पडले?"

"एक."

"तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं की कोणा नातवाने आजीला शुभेच्छा दिल्या असतील. जाहिरात देणाऱ्याने नाव घातलं होतं 'आठवण'. सगळं यंत्रावरून होतं, माणूस मला दिसतच नाही."

"मजकूर वाचला नाहीत?"

"कोण वाचतं, बाई? मी कोडी रचू की जाहिराती वाचू?"

आत्याच्या खिडकीवर प्रत्येक अक्षर वाचलं जायचं. एकदा एक गृहस्थ बायकोच्या निधनाची जाहिरात घेऊन आले होते. फार सुंदर लिहिली होती, वाचताना शाई सुकायच्या आत आत्याचे डोळे ओले झाले. तारीख बघितली तर पुढच्या आठवड्याची होती. तिने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि आत जाऊन फोन उचलला. ती बायको नंतर कितीतरी वर्षं नव्या वर्षाचं कार्ड पाठवायची. 'परत ये, कोणी रागावणार नाही' अशा जाहिरातीही यायच्या तेव्हा. सगळं गाव वाचायचं आणि एकालाच कळायचं. आता एकीलाच दिसते, आणि गाव म्हणतं, बाई वेडी झाली.

"तुम्ही एका म्हातारीला पाण्यात पाठवलंत," ती उठत म्हणाली.

कोडेवाल्याचा चेहरा उतरला. "मी नाही हो पाठवलं. माझी फक्त चौकट होती." आणि मग, दोष दुसऱ्यावर ढकलायला काहीतरी सापडल्यासारखा घाईघाईने म्हणाला, "त्या 'आठवण'ने मला एकदाच काहीतरी विचारलं होतं. म्हणे, जिला दाखवायचंय तिच्या टॅबवर ब्लॉकर आहे, तो काढायचा कसा? मी सांगितलं, सगळा काढू नका, आमच्या साइटपुरता बंद करा. कोपऱ्यात ढालीचं चित्र असतं, त्यावर बोट ठेवलं की झालं."

आत्या जिना उतरली. म्हणजे घरातलंच माणूस. पण सून नव्हे. ज्या बाईने ब्लॉकर स्वतः घातला ती तो काढायचा कसा हे परक्याला विचारणार नाही.

राहिली सोबतीण आणि राहिला थोरला. एकीला वहिनी जेवती हवी होती, आणि दुसऱ्यालाही.

बसमध्ये बसल्यावर तिने चारही निरोप पुन्हा मनात म्हटले. तिसऱ्यापाशी तो खडा पुन्हा दाताखाली आला, आणि या वेळी तिने तो जिभेवर घेऊन बघितला. शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही," आत्या म्हणाली. "मुळीच नाही."

५

सोमवारी डॉक्टर यायच्या आधी तिने सगळ्यांना वहिनीच्या खोलीत बोलावलं. सून खिडकीशी उभी, सोबतीण दाराशी, थोरला आईच्या पायांशी पलंगाच्या कडेला. आत्या खुर्चीत बसली. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. खिडकीमागे बसून खोटं पकडायचं ते जुनं सुख कित्येक वर्षांनी परत आलं होतं.

"चौकट होती," ती म्हणाली. "कोडेवाल्याने माझ्यापाशी कबूल केलंय, डॉक्टरांनाही तो सांगेल. वहिनीने वाचलं ते सगळं तिथे होतं. ती वेडी नाही."

वहिनीने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला.

"लिहिणारं माणूस याच घरातलं आहे. सूनबाई नाही, कारण तिला ब्लॉकर काढायला शिकवावं लागत नाही. मग उरतो तिसरा निरोप. 'दादाला सांगू नकोस.' धाकटा भाऊ मोठ्याला दादा म्हणतो. बाहेरच्या कोणालाही तसंच वाटेल. म्हणून आधी मला वाटलं, लिहिणाऱ्याने धाकट्याला कधी बघितलेलं नाही. सोबतिणीने बघितलेलं नाही."

"अहो आत्याबाई!" सोबतीण ओरडली.

"थांब. पण हिलासुद्धा माहितेय तो काय म्हणायचा. पंख्याच्या कारागिरालाही माहितेय. या घरात शिरलेल्या कोणत्याही माणसाला मेलेल्याचं सोंग घ्यायचं असतं, तर त्याने पहिल्या ओळीत ते नाव घातलं असतं. त्याहून पक्की खूण कुठली? ते नाव हाताने लिहवलं नाही असा माणूस एकच असू शकतो. ज्याला ते चिकटवलं होतं, तो."

थोरला आपल्या नखांकडे बघत होता.

"तू मला विचारलं होतंस," सून एकदम म्हणाली. तिचा आवाज फाटला. "जेवताना. 'एकाच माणसाला दिसेल अशी जाहिरात करता येते का?' आणि मी... मी किती हौसेने समजावून सांगितलं तुला!"

"चांगलं समजावलंस," थोरला म्हणाला.

मग तो बोलू लागला. कोणाकडे न बघता, सरळ आवाजात.

"ती जेवत नव्हती. मी रोज ताट घेऊन बसायचो. मग म्हटलं, त्याच्या नावाने सांगून बघू. तीन शब्द लिहिले, 'आई, जेवलीस का?' ती उठून बसली आणि जेवली. औषध घे म्हटलं, घेतलं. मी जे कित्येक वर्षं ओरडून सांगतोय ते त्याने एकदा सांगितलं आणि तिने ऐकलं. आत्या, तो बुडाला त्या दिवशी मी काठावर होतो. मला पोहता येत नव्हतं. त्याला बाहेर काढल्यावर ही काय म्हणाली, माहितेय? सगळ्यांच्या देखत म्हणाली, 'भोपळा तरंगला आणि माझं पोर बुडालं.' तेव्हापासून मी तिची सेवा करतोय."

"म्हणून तिला पाण्यात बोलावलंस?"

"मला बघायचं होतं ती जाते का. मी झाडामागे उभा होतो. वाटलं होतं पायरीशी थांबेल. एकदा तरी मागे वळून बघेल की घरी अजून एक आहे." त्याने मान वर केली. "थांबली नाही, आत्या. त्या फिरणाऱ्या लोकांनी पाण्यात उड्या टाकल्या. मी नाही टाकली."

सुनेने तोंडावर हात धरला. आत्याला वाटलं, आता वहिनी किंचाळेल, रडेल, त्याच्या तोंडात मारेल. तिने वहिनीचा हात धरायला हात पुढे केला, पण वहिनीने आपला हात चादरीखाली घेतला.

"पुढे काय लिहिणार होतास?" तिने मुलाला विचारलं. वर्गात विचारावं तसं.

"काय?"

"मला बाहेर काढलं. मी परत आले. मग पुढचा निरोप काय होता?"

"काही नव्हता. म्हणून तर ब्लॉकर चालू केला आणि डॉक्टरांना बोलावलं. संपलं होतं ते."

"संपलं कसं? मी आहे ना अजून." वहिनी उशीवरून सरळ झाली. "रोज लिहायचं. सकाळी एक, दुपारी एक. जेवायच्या वेळी तर हवंच. आणि दादा लिहायचं नाही. तो जे म्हणायचा तेच लिहायचं. चुकलं तर मी खोडीन आणि तू पुन्हा लिहायचं."

"आई, नको," थोरला म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू म्हणशील ते करतो. पोलिसांना बोलाव. मी घर सोडून जातो."

"कुठे जातोस? तू गेल्यावर त्याचं कोण लिहील?"

सून पुढे आली. "आई, अहो, हे सगळं खोटं आहे. तुम्हाला कळलंय ना आता?"

"कळलंय की. तू दिवसभर लोकांना दाखवतेस ते तरी कुठे खरं असतं? बघतातच ना लोक?" मग ती आत्याकडे वळली. "डॉक्टरांना कळवा, येऊ नका म्हणावं. या घरात वेडं कोणी नाही. तुम्ही ते नीट सिद्ध केलंत."

"वहिनी, मी तुला सोडवायला आले होते गं."

"सोडवलंत ना! आता शहाण्या बाईने आपल्या घरात काय करायचं ते मी बघते."

थोरला उठला. दारापर्यंत जाऊन थांबला, कोणीतरी अडवेल म्हणून असेल. सोबतीण बाजूला झाली. पलीकडच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. वहिनीने सुनेकडे टॅब धरला. सुनेने कोपऱ्यातल्या ढालीवर बोट ठेवलं आणि ती खोलीतून निघून गेली.

कोडं उघडलं. उजवीकडे चौकट उघडली. तिच्यात आधी कानाचं यंत्र आलं, मग हवेशीर सदनिका, मग दात पांढरे करणारं काहीतरी. वहिनी एकेक जाहिरात शांतपणे जाऊ देत होती. आत्याने भिंतीपलीकडे कान दिला. तिथे कोणीतरी नाक ओढलं, आणि हळूहळू, एकेक अक्षर शोधत असल्यासारखी कीबोर्डवर बोटं वाजायला लागली.

वहिनीच्या गालांवर रंग चढला. तिने केसांवरून हात फिरवला.

"वन्सं," ती चौकटीवरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जाऊन बसता का? तुमच्यासमोर तो बोलायचा नाही."